माझ्या रक्तातलं शिसं

मी केमिस्ट आहे. औषधांच्या दुकानातला नव्हे, प्रयोगशाळेतला. बडोद्याजवळ वाघोडियाला औषधांचा कच्चा माल बनवणारा एक कारखाना आहे, तिथे सव्वीस वर्षं मी एकच काम करत आलो आहे. तयार मालात नको ते काही राहिलं आहे का, हे तपासायचं. शिसं, पारा, आर्सेनिक. ठरलेल्या मर्यादेच्या वर दाणाभर जरी सापडलं, तरी माल अडवायचा.

आणि अकरा महिने मी रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं शिसं गिळत होतो.

हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, "चव नाही कळली?" नाही कळली. गोळीला गुळाची चव होती.

माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काका, तमे लखो. तुमच्यासारखे पेशंट येतात, बरे होऊन जातात आणि घरी जाऊन गप्प बसतात. लाज वाटते त्यांना." मलाही वाटली. अजून वाटते. पण आता लपवायचीही ताकद राहिलेली नाही, म्हणून लिहितो.

*

सुरुवात पोटापासून झाली. बेंबीभोवती पीळ पडायचा. बसमधून कामाला जाताना मी पुढच्या सीटची दांडी धरून वाकून बसायचो आणि लोकांना वाटायचं, झोपलो आहे. चार-चार दिवस पोट साफ होत नसे. पहिल्या डॉक्टरांनी गॅस म्हटलं. दुसऱ्यांनी आतड्याला सूज आहे म्हटलं. तिसऱ्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." रक्त कमी होत चाललं होतं, त्यासाठी लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. अनघा, माझी बायको, बीट आणि डाळिंबं आणायची. मी खायचो. काहीही होत नव्हतं.

एक गोष्ट सांगायला नको वाटते, पण सांगतो. एका रविवारी ऋचानं, आमच्या मुलीनं, टीव्हीचा आवाज मोठा केला म्हणून मी तिच्यावर हात उगारला. मारला नाही. पण बावीस वर्षांच्या मुलीवर, जिला लहानपणीही मी कधी टपली मारली नव्हती, तिच्यावर उगारला. ती उठली, आत गेली, दार लावून घेतलं. अनघा म्हणाली, "अहो, हे तुम्ही नाही."

मीच होतो. शिसं माणसाला चिडकं करतं हे मला नंतर सांगण्यात आलं. त्यानं माझी सुटका झाली असं मला वाटत नाही.

मग उजवा हात गेला. ब्युरेटची, द्रव थेंबाथेंबानं सोडायच्या काचनळीची, तोटी फिरवायला गेलो तर मनगट उचलेना. हात टेबलावर पडून राहिला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. आणि त्याच आठवड्यात पोटात अशी कळ आली, की कंपनीच्याच गाडीनं मला मोठ्या सरकारी इस्पितळात नेऊन टाकलं. अपेंडिक्स असणार, उद्या सकाळी उघडून बघू, असं ठरलं.

*

ऑपरेशनचे कपडे घालून मी स्ट्रेचरवर पडलो होतो. तपासणीसाठी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. ऋचाहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. म्हणाल्या, "मोढुं खोलो, काका." तोंड उघडलं. त्यांनी माझा खालचा ओठ बोटानं ओढला आणि बघतच राहिल्या.

"आ क्यारथी छे? केव्हापासून आहे हे?"

मला वाटलं तंबाखूबद्दल विचारताहेत. म्हटलं, "बेन, मी तंबाखू खात नाही."

"तंबाखू नाही. हिरडीवर निळी रेघ आहे." मग त्यांनी माझा लुळा हात उचलून सोडला. तो पडला. "काम काय करता?"

मी सांगितलं. त्या तडक निघून गेल्या. पाऊण तासानं परत आल्या, त्या मोठ्या डॉक्टरांना घेऊनच. माझ्या रक्ताचा थेंब त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. शिशाची शंका होती. ऑपरेशन रद्द झालं. अनघा बाहेर रडवेली उभी होती, तिला वाटलं माझी तब्येत ऑपरेशनच्याही पलीकडे गेली.

दोन दिवसांनी रक्तातल्या शिशाचा आकडा आला. तो मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. असा आकडा मालाच्या पोत्यात आला असता, तर मी लाल चिठ्ठी लावून ते पोतं वेगळं काढून ठेवलं असतं.

*

विषाची केस म्हटली की इस्पितळातून पोलिसांना कळवावं लागतं. दुसऱ्या दिवशी एक हवालदार वही घेऊन आले. थकलेले होते तेही. खुर्ची ओढून बसले आणि माझ्या बायकोसमोरच विचारलं, "कोई पर शंका? घरमां कोई साथे झघडो?"

अनघाचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, "नाही साहेब. कारखान्यातूनच आलं असेल."

सगळे तेच म्हणत होते. कारखान्यानं घाबरून आमच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. सगळ्यांचं चांगलं निघालं. हवा तपासली, पाणी तपासलं, काही नाही. मग डॉक्टरीणबाई माझ्याकडे आल्या.

"घरी कुठलं औषध घेता? चूर्ण, भस्म, काही?"

"नाही," मी म्हटलं. मी खोटं बोलत नव्हतो. खरंच मला काही आठवलं नाही.

संध्याकाळी त्या परत आल्या. या वेळी पलंगाच्या कडेवर बसल्या आणि वेगळ्या तऱ्हेनं विचारलं. "काका, कुणी प्रेमानं काही खायला देतं का? रोज?"

अनघानं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे.

"ताईंच्या गोळ्या," ती म्हणाली.

*

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो आणि ताई अठराची. तिनं कॉलेज सोडलं. माझी वेणीफणी नव्हती करायची, पण बाकी सगळं तिनं केलं. शाळेचा डबा, तापातल्या पट्ट्या, गणिताच्या पेपराच्या सकाळी हातावर दही. लग्न उशिरा केलं, माझी बारावी झाल्यावर. पादऱ्याला, बडोद्याजवळच्या गावी, दिली. भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली, ती तिथेच राहते.

या आजाराच्या वर्षभर आधी मला थोडी साखर निघाली आणि गुडघे धरले. ताई म्हणाली, "आमच्याकडे एक वैद्य येतात. माझे गुडघे त्यांनीच बरे केले. इंग्रजी औषधानं मूत्रपिंडं जातात." आणि दर महिन्याला डबी येऊ लागली. मिरीएवढ्या काळ्या गोळ्या. डबीवर ना नाव, ना कागद. मी, जो नाव-क्रमांक-तारीख नसलेली बाटली कपाटात ठेवू देत नाही, त्यानं त्या डबीकडे एकदाही नीट पाहिलं नाही. ते औषध नव्हतंच माझ्या लेखी. ताईनं दिलेलं काहीतरी होतं.

अनघानं डबी घरून आणली. इस्पितळातून ती तपासायला जायला दिवस लागले असते. मी माझ्या सहकाऱ्याला, भट्टला, फोन केला. त्यानं साहेबांची परवानगी काढली आणि चार गोळ्या आमच्याच यंत्रावर चालवल्या. दुपारी त्याचा फोन आला.

"शिरीषभाई, दोनदा केलं."

"मग?"

"पहिल्यांदा यंत्राच्या मर्यादेबाहेर गेलं. पातळ करून पुन्हा चालवावं लागलं." "आ दवा नथी, भाई. औषध नाही हे."

मी फोन ठेवला. दोन्ही डोळ्यांवर हात ठेवून पडलो. डावा हात ठेवला, उजवा अनघानं उचलून ठेवला.

*

पहिला विचार माझ्या मनात स्वतःचा आला, हे कबूल करतो. दुसरा विचार यायला अर्धा तास लागला. ताई स्वतः त्या गोळ्या घेते. आणि मृणाल तिच्याकडे आली आहे.

मृणाल ताईची एकुलती मुलगी. पाचवा महिना होता. सुरतहून आरामासाठी माहेरी आली होती.

ताईला फोन लावला. मी खूप जपून बोलायचं ठरवलं होतं, पण आजारात शब्दही हाताबाहेर जातात. "ताई, त्या गोळ्यांत शिसं आहे. मृणालला देतेस का तू?"

"काय आहे?"

"शिसं. माझ्या रक्तात तेच सापडलंय."

मग म्हणाली, "म्हणजे मी तुला विष घातलं?"

"तसं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणतोस? मी स्वतः तीन वर्षं घेते. मी मेले का? तुझ्या कारखान्यात ढीगभर विषं आहेत, ती सोडून माझी गोळी दिसली तुला?"

फोन बंद झाला. पाच मिनिटांनी मृणालचा आला, दबक्या आवाजात. "मामा, मी घेते रोज एक. आई म्हणाली बाळाची हाडं मजबूत होतात. काय करू?"

"आत्ता थांबव. उद्या सकाळी रक्त द्यायला बडोद्याला ये. अनघामामी तुझ्याबरोबर येईल."

"बाळाला काही—"

"माहीत नाही गं," मी म्हटलं. तिला धीर द्यायला हवा होता. माझ्याकडे नव्हता.

मृणालच्या रक्तात शिसं निघालं. माझ्याइतकं नाही, कारण ती सातच आठवडे घेत होती. पण निघालं. तिचा नवरा त्याच दिवशी येऊन तिला सुरतला घेऊन गेला. जाताना त्यानं ताईला काय सुनावलं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ताईनं स्वतःचं रक्त द्यायला नकार दिला. माझा फोन तिनं पुन्हा उचलला नाही.

*

उपचार म्हणजे शिरेतून थेंब थेंब जाणारं एक औषध. ते शरीरातलं शिसं धरून लघवीवाटे बाहेर काढतं. बाटलीवरचं नाव वाचून मी हसलो, सिस्टर दचकल्या. ईडीटीए. त्याचाच भाऊबंद मी सव्वीस वर्षं ब्युरेटमध्ये भरत आलो होतो. पाण्यातला धातू मोजायला तेच वापरतात. आता मीच चंचुपात्र झालो होतो. दिवसभराची लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवायची, तो कॅन पलंगाखाली ठेवायचा, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं तो बघायचा. पाच दिवस औषध, मग विश्रांती, मग पुन्हा पाच दिवस. शिसं हाडांत जाऊन बसतं. रक्त साफ केलं की हाडांतून पुन्हा उतरतं. असे तीन फेरे झाले.

सकाळी सहाला ताप बघणं, सातला चहा, नऊला डॉक्टर, अकराला फरशी पुसणाऱ्या मावशी. त्या मावशी रोज माझा पंखा माझ्याकडे वळवून जायच्या. मी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या त्या दोन सेकंदांची मी सकाळपासून वाट बघायचो.

त्या वॉर्डात विषाच्या केसेसच जास्त. मला तोपर्यंत वाटायचं, विष म्हणजे कुणीतरी कुणाला देतं ते, किंवा जीव नकोसा झालेला माणूस घेतो ते. तेही होतं. कोपऱ्यात एक कोवळी सून होती, शेतातलं फवारणीचं औषध प्यालेली. तिची सासू आणि आई तिच्या दोन बाजूंना बसायच्या, एकमेकींशी न बोलता. वाचली ती. पण बाकीचे? एक आजी होत्या, पाण्याच्या बाटलीत भरून ठेवलेलं फिनेल प्यालेल्या. एक कामगार, टाकी धुताना वाफ छातीत गेलेला. आणि माझ्या शेजारच्या पलंगावर मनुभाई, सत्तरीचे. दोन डॉक्टरांनी त्यांना हृदयाची एकच गोळी दोन वेगळ्या नावांनी लिहून दिली होती. ते इमानदारीनं दोन्ही घेत होते.

"मी एकही डोस चुकवला नाही," ते मला सांगायचे. "एक पण नई. तरी आवुं थयुं, असं झालं." त्यांना खरंच कळत नव्हतं की चूक काय झाली. शिस्तीनं तर घेतली होती.

मी एकदा सिस्टरना म्हटलं, "किती प्रकारचं विष येतं हो तुमच्याकडे."

त्या सलाईन बदलत होत्या. म्हणाल्या, "विषाचं काय बघता? कुठून आलं ते बघा. झेर बहारथी ओछुं आवे, काका. घरमांथी वधारे." घरातूनच जास्त येतं. बाटली घरातली, डबी घरातली, हात घरातला.

दुपारी घरचे गेले की मी पडून हाच विचार करायचो. ताईचा हात. त्याच हातानं तिनं मला वाढवलं. मला तिचा राग यायचा, मग स्वतःचा यायचा, मग दोन्ही करायची शक्ती संपायची आणि झोप लागायची.

ऋचा एका दुपारी एकटीच आली. माझा उजवा हात मांडीवर घेऊन फिजिओनं शिकवल्याप्रमाणे मनगट वर-खाली करत बसली. वीस वेळा. मी म्हटलं, "त्या दिवशी—" ती म्हणाली, "पप्पा, मोजते आहे मी. बोलू नका." आणि पुन्हा एकपासून सुरू केलं.

*

घरी येऊन तीन आठवडे झाले होते. जिना चढलो की मधल्या वळणावर बसावं लागे. एका सकाळी अकराच्या सुमाराला बेल वाजली. अनघानं दार उघडलं आणि ती बाजूला झाली.

ताई होती. दोन महिन्यांत वाळून गेली होती. तोंडाचा रंग राखेसारखा. हातात कापडी पिशवी. बसली नाही, उभ्यानंच तिनं ती पिशवी टेबलावर पालथी केली. डब्याच डब्या. तशाच, नाव नसलेल्या. एक घरंगळत जाऊन खाली पडली, ती अनघानं उचलली.

"एवढ्या कुठून आणल्यास?" मी विचारलं.

"मीच वाटल्या होत्या," ताई म्हणाली. "तुला एकट्याला थोडीच सांगितलं होतं. भजनातल्या बायका, शेजारीण, दूधवाल्याची आई. ज्याचा गुडघा दुखला त्याला मी वैद्याकडे नेलं. चौदा घरं निघाली मोजली तर."

"आणि तो वैद्य?"

"गेला. खोली रिकामी करून. पोलीस येऊन बघून गेले." ती खुर्चीत बसली. "तुझा फोन आला त्या दिवशी मला वाटलं, तू मला खुनी म्हणालास. मृणाल गेल्यावर मी आठ दिवस घराबाहेर पडले नाही. मग वाटलं, इथे बसून रडतेय आणि त्या बायका तिकडे रोज दोन-दोन गिळताहेत. तुझ्याकडे यायचं तोंड नव्हतं. म्हटलं, आधी हे करू."

"एकटीच गेलीस?"

"कोण येणार बरोबर? काहींनी दिल्या. एकीनं दार लावलं तोंडावर. एकीचा मुलगा वाटेल ते बोलला. ऐकून घेतलं."

अनघानं पाणी आणलं. ताईनं पेला दोन्ही हातांनी धरला. तेव्हा मी पाहिलं, तिचं मनगटही लोंबत होतं.

"ताई, उद्या रक्त द्यायला चल."

"चल," ती म्हणाली. वाद घातला नाही. तिचं ते 'चल' ऐकून मला पोटातल्या कळेपेक्षा जास्त दुखलं.

तिच्या रक्तातलं शिसं माझ्याहून जास्त निघालं. त्याच वॉर्डात, दोन पलंग पलीकडे, तिचे पाच-पाच दिवसांचे फेरे झाले. तिचा कॅन मी उचलायचो, डाव्या हातानं. डॉक्टरीणबाई तिला माशी, म्हणजे मावशी, म्हणायच्या आणि तिच्याकडून दोन मराठी शब्द रोज शिकायच्या. मृणालचा फोन पहिल्यांदा तिसऱ्या फेऱ्यात आला.

मृणालला मुलगी झाली. वेळेवर, रडकी, भरल्या वजनाची. नाळेतल्या रक्तात थोडं शिसं होतं. डॉक्टर म्हणतात, पुढची काही वर्षं लक्ष ठेवायचं, बोलते कधी, चालते कधी ते बघायचं. कदाचित काहीच होणार नाही. या 'कदाचित'वर आमचं अख्खं घर दिवस काढतं आहे. मी कामावर परत गेलो, पण निम्मा वेळ, टेबलावरचं काम. माझं मनगट आता कपाएवढं वजन उचलतं. भरलेला कप नाही, रिकामा.

*

चौदापैकी दोन घरं राहिली होती. गेल्या आठवड्यात ताई म्हणाली, "दार लावलं होतं तिच्याकडे पुन्हा जाते." मी म्हटलं, मीही येतो. ती म्हणाली, "तुला चालायला फावणार नाही." तरी गेलो. पादऱ्याच्या बाजारामागची गल्ली, दोनदा थांबून दम खाल्ला. आधी तिनं थांबायला सांगितलं, मग मी.

दार उघडलं साठीच्या एका बाईंनी. या वेळी लावून घेतलं नाही, कदाचित माझा पट्टा बांधलेला हात पाहून. ताईनं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. भाऊ, मुलगी, नात, स्वतः. एकही गोष्ट गाळली नाही. आवाज अगदी सपाट होता, इतक्या वेळा सांगून झालेला.

बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बेन, मने तो एनाथी घणुं सारुं छे. मला तर बरं वाटतंय. शेवटची डबी आहे, ती पण मी नाही देणार."

मला वाटलं, आता ताई वळेल. मला तर वळायचंच होतं.

ताई म्हणाली, "मलाही तीन वर्षं बरंच वाटत होतं." पदर सावरून ती त्यांच्या पायरीवर बसली. "तो हुं अहीं बेठी छुं. मग मी इथेच बसलेय."

बाई दारात उभ्या राहिल्या. आत कुकरची शिटी झाली, तरी हलल्या नाहीत. मी भिंतीला धरून हळूहळू खाली सरकलो आणि ताईच्या शेजारी बसलो.